गळती

सलग चौथ्या सकाळी बॅटरी बसली.
चावी फिरवली. एक टिक. मग काहीच नाही,
सायझिंगच्या भिंतीवरचा होला तेवढा बोलला.

गाडीला नाव नाही. इंजिन कराडच्या भंगारातलं,
मागचे दिवे रिक्षाचे,
बॉनेट म्हणजे सुताच्या कपाटाचं दार.
तीन वर्षं, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात जुळवली.
वायरिंग मी एकट्यानं केलं,
म्हणजे चूक असली तर माझ्याच हाताची.

रत्नप्रभा म्हणाली, रोज रात्री बॅटरीची वायर काढत जा की.
बरोबर होतं तिचं.
पण ते म्हणजे दुखणं मान्य करून
त्याला अंथरूण घालून देणं.

शुक्रवारी माग बंद. विटा एवढं गप्प
की कानाला सवयच नाही.
इलाही मुल्ला मीटर घेऊन आला.
निगेटिव्ह सोडली, मधे मीटर धरला.
दिवे बंद, पंखा बंद, चावी माझ्या खिशात,
तरी आकडा एक पॉइंट आठ.
'झोपल्यावर बी जेवती ही,' इलाही म्हणाला.

माझा संशय टेपवर.
गाडीत चैनीची वस्तू तेवढी एकच,
म्हणून चोरीही तिचीच असणार.
टेप उपसून ओट्यावर ठेवला. एक पॉइंट आठ.
हॉर्नचा फ्यूज. एक पॉइंट आठ.
भाची ऋजुता पुठ्ठ्याच्या कोनावर लिहीत गेली,
पुढं पुढं तर न विचारताच.
शेवटी सगळे फ्यूज ताटलीत,
लाल निळे पिवळे, चघळायच्या गोळ्यांसारखे,
आणि आकडा जागचा हलेना.

तेवढ्यात मांजर आलं.
आमच्या कोपरांखालून शिरलं,
रोजच्या जागी अंगाचं मुटकुळं करून बसलं.
ऋजुता म्हणाली, 'मामा, इंजिन तर गार हाय.
मग ही इथंच का बसती?'

मांजर उचललं, हात लावला.
ब्लॉक गार, पहाटेच्या पाट्यासारखा.
अल्टरनेटर मात्र कोमट,
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळाएवढा.

मागची जाड वायर सोडली.
मीटर खाली आला, जवळजवळ शून्यावर.
घड्याळ तेवढं जागं.

डायोड फुटला होता.
रेणावीचा चढ चढताना जो बॅटरी भरत होता
तोच रात्री, त्याच वायरीनं, परत पीत होता.
त्याला आम्ही विचारलंच नव्हतं.
भरणाऱ्याकडं हिशोब मागायचा नसतो,
अशी आमच्यात रीत.
इलाहीनं स्क्रू तोंडात धरले होते,
तो काही बोलला नाही.

शनिवारी नवी प्लेट बसवली.
रविवारी पहाटे पहिल्या चावीला गाडी लागली.
मी अंगणात एकटाच हसलो.

मांजर रात्रीच आत जाऊन आलं होतं म्हणे,
रत्नप्रभानं बघितलं.
वास घेतला, पंजा लावला,
मग भिंतीवरून उडी मारून
सायझिंगच्या बॉयलरकडं गेलं.
अजून तिकडंच असतं.
दूध ठेवलं तरी येत नाही.