लेखकाच्या नावाची ओळ

महालातल्या आमच्या प्रेसमध्ये
चौथीचं परिसराचं पुस्तक आलं कापडी पिशवीतून.
वह्यांची फाडलेली पानं, एसटीच्या तिकिटामागचा मजकूर,
फोनवरचे फोटो, तेही आडवे.
चहांदे बाई म्हणाल्या, जुळवा.
मी म्हटलं, बाई, हे पुस्तक आहे का पंगत?
म्हणाल्या, पंगतच. वाढणारे पुष्कळ आहेत.

पाण्याचा धडा गोरेवाड्याच्या पंपावरच्या उईकेंचा.
पाणी 'येतं' असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही,
'चढवतो' लिहिलं.
मी खोडायला गेलो, आणि थांबलो.
तापाचा धडा मेयोतल्या रफत सिस्टरचा,
सगळी वाक्यं रात्रपाळीतली, आखूड.
एक तर अर्धंच,
मधेच कुणीतरी हाक मारली असणार.
अर्धंच ठेवा, बाई म्हणाल्या,
पुढचं पोट्टे लिहितील.

भांडण झालं पान एक्केचाळीसवर.
'नाग ही नदी आहे.'
समासात लाल शाई: काहून बाप्पा खोटं शिकवता, नाला आहे.
खाली निळी: माझ्या बापानं यात मासे धरले.
त्याखाली पेन्सिल, अक्षर चौथीचंच:
मग ती आजारी आहे का?
अकरा दिवस मशीन थांबलं.
शेवटी छापला तो प्रश्नच
आणि चार रिकाम्या ओळी.

मग लेखकाचं नाव.
अर्जात त्यासाठी जागा सहा सेंटिमीटर,
माझ्याकडे नावं दोनशे सतरा.
आठ पॉइंटात बसवली, सहात बसवली,
तरी परातेंचा 'ते' चौकटीबाहेर लोंबत राहिला.
त्यांना सांगितलं तर हसले.
म्हणाले, ताण्याचा एखादा धागा सुटतोच,
मी गणितात तो धरलाय.

एका पानाला नावच नव्हतं.
धडा सावलीचा.
मे महिन्यात भर बाराला
वर्धा रोडवर सावली कुठे जाते, एवढाच.
'पायाखाली दडते. तिलाही चटके बसतात.'
सगळ्या पुस्तकात मला तोच आवडला.
यादीत शेवटी टाकलं: निनावी.

प्रूफ गोळीबार चौकात तपासायला गेलं,
परत आलं कडेला चहाचा गोल डाग घेऊन.
माझ्या शब्दातली वेलांटी खोडून
कुणीतरी मात्रा दिली होती.
निनावे.
आणि बाजूला, बारीक अक्षरात:
आमच्याच गल्लीतला असेल, विचारून सांगतो.