शब्दावली, मसुदा दुसरा

जुन्ता हाऊसच्या तिसऱ्या मजल्यावर
मला सत्तावीस शब्द दिलेत मराठी करायला,
शुक्रवारपर्यंत.
सिंतिया रिबेलो अर्थ सांगते, मी उतरवून घेतो.

सोप.
साबण नव्हे, लखोटा, ती म्हणाली.
आत मथळा, त्याच्या आत मजकूर,
आणि कागदाच्या इतक्या घड्या
की निरोप सापडेपर्यंत पाठवणारा विसरलेला असतो.

जेसन मला ताळगावचा कुणी पोर वाटला,
डाव्या बगलेवरून चेंडू नेणारा,
बापाची बाइक न विचारता काढणारा.
तो नुसते महिरपी कंस निघाला.

यूडीडीआय:
कोण कुठली सेवा देतो, त्याची मोठी वही.
मी घाईत "उडी" वाचलं.
तेच लिही, सिंतिया हसली,
मारली होती त्यांनी. खाली पाणी नव्हतं.

रेस्ट.
विश्रांती लिहू नकोस.
मग काय लिहू?
तिनं पंख्याकडे पाहिलं. पुढचा घे.

एंडपॉइंटला मी "शेवट" लिहिलं, खोडलं,
"धक्का" लिहिलं, रायबंदरला फेरी लागते तसा.
समिती म्हणेल, वीज बसल्यासारखं वाटतं.

स्टेटलेस: सेवेला आठवण नसते.
दर खेपेला नाव, गाव, सर्व्हे नंबर
पुन्हा पहिल्यापासून.
फायली घेऊन उभा असलेला बाबुसो गावकर म्हणाला,
"सत्त्याऐंशीमेरेन आमीय स्टेटलेसच आशिल्ले."
एक-चौदाच्या उताऱ्यासाठी त्याची नववी खेप,
खिडकीतल्या माणसाला
अजून त्याचं नाव पाठ नाही.

टाइमआउट.
तीस सेकंद थांबायचं.
उत्तर आलं नाही तर येणारच नाही असं धरायचं
आणि जोडणी सोडायची.

"तीस? इतलेंच?"

त्याचा थोरला भाऊ साठ साली
बोटीनं बैराला गेला, मोझांबिकात.
एक पत्र आलं, तिकीट फाटलेलं.
पुढं पंचायतीनं घरांचे नंबर बदलले.
आवयनं नवा पत्रा ठोकू दिला,
जुना काढू दिला नाही.
ती गेली. दारावर दोन्ही आहेत,
जुन्याचा आकडा बाबुसो दर चवथीला रंगवतो.

सिंतिया बराच वेळ गप्प होती.
"याला आमच्यात रीडायरेक्ट म्हणतात," मग म्हणाली.
यादीत नव्हता तो.
मी खाली अठ्ठावीस घातलं.

जेवणाच्या सुट्टीत, खोलीत कुणी नसताना,
टाइमआउटपुढं "मुदत संपली" लिहिलं.
पेन्सिलीनं.