वही धरणारा

कंपनीत वाचता येणारे आम्ही चौघे.
एकाला हगवण, एक कोठडीत, एक खुद्द कॅप्टन लिडन,
म्हणून वही माझ्या हातात आली.

पडदा म्हणजे दोन तंबू, उसवून जोडलेले.
त्यावर ॲम्ब्रोझ किटोने, जो पूर्वी खानावळींच्या पाट्या रंगवायचा,
एक गल्ली काढली. फरसबंद. ओली.
एका खिडकीत दिवा.
कुठली गल्ली, विचारलं तर म्हणाला, तुझी.
माझ्या गावाला गल्ली नव्हतीच,
एक बटाट्याचं शेत आणि एक चर्च.

नाटक साधंच: एक विधवा, तीन उमेदवार,
आणि एक कपाट, ज्यात पाळीपाळीने सगळ्यांना लपायचं असतं.
विधवा फर्गल टिअर्नी.
स्त्रीपार्ट त्याने मागून घेतला नव्हता,
मिशी फुटली नाही म्हणून गळ्यात पडला;
पण तालमीच्या तिसऱ्या रात्री
सार्जंट आत आला आणि नकळत त्याने टोपी काढली.
त्यानंतर टिअर्नीला कोणी चिडवलं नाही.

गालांना लाली हवी होती. विटकर उगाळून पाहिली, पुरळ उठलं.
मग फाटकाशी दूध विकायला येणारी नोंत्सिझी,
तिच्या घोंगडीचा रंग, तिच्या कपाळाचा:
तांबडी माती, चरबीत मळलेली.
एका वाटीला पितळेची चार बटणं.
टिअर्नीच्या गालावर बोट तिनेच फिरवलं,
मागे सरून पाहिलं,
आणि इतकी हसली की दुधाचा भोपळा हिंदकळला.
जाताना पडद्यातल्या खिडकीकडे हात करून
काहीतरी विचारलं.
दुभाषा म्हणाला, विचारतेय, आत कोण राहतं
आणि बाहेर का येत नाही.

कीस्कामा नदीच्या पलीकडे त्या आठवड्यात रोज धूर.

तिसरी घंटा घोड्याच्या नालावर दिली.
पुढे साहेबांच्या दोन मडमा, मागे दीडशे माणसं,
घामाचा आणि चरबीच्या मेणबत्त्यांचा वास.
दुसऱ्या प्रवेशात टिअर्नी थांबला.
वाक्य होतं: आता उशीर झाला, घरी जा.
मी कुजबुजलो. पुन्हा कुजबुजलो.
तो समोर बघत राहिला,
आणि समोर दीडशे बंदूकवाले, श्वास धरून,
कुणा बाईने आपल्याला घरी जा म्हणावं
म्हणून थांबलेले.
शेवटी म्हणाला. इतक्या हळू,
की मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली?

टाळ्या नंतर पडल्या, कपाटाला.

पहाऱ्याची पाळी त्याचीच होती.
तोंड धुवायला पाणी नव्हतं, झगा तेवढा उतरवला.
पहाटेच्या आधी दोन बार ऐकू आले.
चौकशीत लिहिलं, शत्रूच्या गोळ्या.
शेजारच्या चौकीवरचा कीटिंग
पुढे कुणाच्या नजरेला नजर देईना.
अर्धवट उजेड. तांबडे गाल.
मी एवढंच सांगतो. वहीत याच्यापुढे काही नाही.

कापड कमी होतं. किटोने स्वतःच गल्ली कापली.
खिडकी ठेवू की त्याच्याबरोबर देऊ,
असं कात्री धरून मला विचारलं.
आयुष्यात तेवढं एक वाक्य मला पुरवता आलं नाही.

एप्रिलात हुकूम आला:
नदीपलीकडली पिकं, झोपड्या.
मशाल माझ्याही हातात होती,
वाचता येणाऱ्याला सूट नसते.
एका दाराशी वाटी, तांबडी माती अर्धी उरलेली,
बोटाचा ओरखडा अजून ओला,
आणि दोऱ्यात ओवलेली तीन पितळी बटणं.
चौथं कुठे गेलं, कोण जाणे.
पलीकडे झुडपात कुणी होतं, किंवा वारा.

सवयीने मी कुजबुजलो:
आता उशीर झाला, घरी जा.
वाक्य तिचं होतं.