पहिल्या किकला

भैरू पासलकरला विकला त्या मंगळवारी
बालेवाडीच्या मीटिंग रूममध्ये
साबुदाण्याची खिचडी होती.
आगाशेंनी चमचा तोंडात ठेवूनच लॅपटॉप वळवला.
एक रेघ, भराभर चढलेली,
आणि सत्ताविसाव्या वर्षानंतर
सिंहगडाच्या पायवाटेसारखी घसरत उतरलेली.
"ही त्याची नाही," ते म्हणाले, "ही सगळ्या रेडर्सची.
तो अजून वर आहे. म्हणून तर आज."

मी टीमची फिजिओ.
मला मत विचारत नाहीत,
गुडघा किती अंशांत वाकतो तेवढं विचारतात.
डावा, एकशे अठरा.
गेल्या मोसमात एकशे तीस होता.
मी आकडा सांगितला. आकडा खरा होता.

तुम्ही स्टँडमधून बघता तेव्हा
तो सात जणांच्या अंगणात एकटा शिरतो,
बोनस खुडतो, मांडी थोपटत परत येतो.
माझ्या टेबलावर येतं ते त्याच्या नंतरचं:
घोट्याला लटकलेला एक,
मांडीला मिठी मारलेला दुसरा,
पाठीवर ऐंशी किलोचा कव्हर,
आणि हा मध्यरेषेकडे बोटं लांबवतोय
जणू पलीकडे कुणी पाणी घेऊन उभं आहे.
एका रात्रीत वीसदा. असे पाच मोसम.
कॉर्नरवाला दहा-दहा वर्षं टिकतो.
तो वाट बघतो.
वाट बघणाऱ्याचे गुडघे इतके झिजत नाहीत.

मॅनेजर वाईट माणूस नाही.
भैरूच्या बहिणीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा होता.
तोच म्हणाला, "मागच्या गुणांचे पैसे पुढच्या मोसमात
कुठला शहाणा देतो?
त्याच्या किमतीत दोन कॉर्नर येतात,
वर मिरजेकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा."
ज्याचा गुडघा अजून कुणी मोजलेला नाही.

माझ्या वडिलांनी बजाज विकली
तेव्हा ती पहिल्या किकला सुरू होत होती.
कसब्यातला इनामदार मेकॅनिक म्हणाला होता,
"दुसऱ्या किकची वाट बघू नका, काका."
चांगले पैसे आले. माझी पहिल्या वर्षाची फी त्यातूनच.
पण पुढे कितीतरी वर्षं, नळस्टॉपच्या सिग्नलला
मागून तसला आवाज आला की
बाबा आरशात नाही,
पूर्ण मान वळवून बघायचे.

फॉर्मवर दोन चौकोन असतात.
खेळण्यास योग्य. खेळण्यास अयोग्य.
मी पहिल्यात खूण केली, आणि ते खोटं नव्हतं.
"किती दिवस" असा चौकोन
छापणाऱ्याला सुचला नाही.
किंवा सुचला होता.

संध्याकाळी तो टेपची दोन रिळं मागायला आला.
म्हाळुंग्याला ट्रॅफिक होता म्हणाला, म्हणून उशीर.
मग रिळाचं टोक नखानं शोधत,
"मॅडम, परवा अठरा गुण काढले की मी."
म्हणूनच रे, असं माझ्या तोंडावर आलं होतं.
मी कात्री शोधत राहिले.
बाहेर फाटकाशी वॉचमनचा मुलगा
नऊ नंबरची जर्सी घालून उभा,
दिवाळीला घेतलेली, अजून दोन वर्षं पुरेल अशी मोठी.
भैरूनं खाली बसून त्याच्या पाठीवर सही केली.
उठताना हात माझ्या दाराच्या चौकटीला.

गुरुवारी तिकडच्या फिजिओचा फोन.
"रिपोर्ट वाचला. आता खरं सांगा."
रिपोर्टमध्ये आहे तेच खरं, मी म्हणाले,
आणि फोन ठेवायला हवा होता.
पण न राहवून: बर्फ बारा मिनिटं, पंधरा नाही.
आदल्या रात्री भात देऊ नका, जड होतो.
दुखतंय का विचारलंत तर नाही म्हणेल,
हसून म्हणेल.
तोंडाकडे बघू नका.
डाव्या पायाचा अंगठा बघा.
खोटं बोलताना तो वर होतो.