अज्ञात क्रमांक सात

अज्ञात क्षार मीच बनवायचो.
अठ्ठावीस वर्षं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी
लॅबचं दार आतून लावून
खलात कुटायचो, पुड्या बांधायचो, नंबर टाकायचो,
आणि यादी शर्टाच्या आतल्या खिशात.
सात नंबर मोरचूद. अकरा नवसागर. चौदा तुरटी.
निळा तर पोट्टे बघूनच ओळखत,
पांढऱ्यांसाठी यायचे कपाटामागे:
"काका, फक्त पहिलं अक्षर सांगा न."
सांगितलंय. तर्री-पोह्यांवर सांगितलंय,
आता रिटायर व्हायला आलो, खोटं कशाला बोलू.

जर्नलंही तशीच, मागच्या बॅचची पुढच्या बॅचला.
शेजारी फिजिक्समध्ये लंबकाचा आकडा
बंद पडलेल्या स्टॉपवॉचवरही बरोबर निघायचा.

यंदा हेडाऊ मॅडम आल्या, उमरेडच्या.
बोलतात हळू, ऐकत नाहीत कोणाचं.
"निमजे काका, या वेळी पुड्या नकोत.
घट्ट बुचाच्या बाटल्या द्या, चोवीस."
"अन् अज्ञात?"
"तो नदीत आहे."

नदी म्हणजे नाग नदी.
पोरांनी नाकं मुरडली, नाला हो मॅडम तो.
तरी तृप्ती उइकेनं अशोक चौकाच्या पुलावरून
दोरीला बांधून बादली सोडली,
तर सात-आठ गाड्या थांबल्या,
"काय पडलं बाई? मोबाईल?"

पाण्यात दोन द्रावणं टाकायची, थेंब मोजून.
प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो.
नसेल तर पांढरा.
अंबाझरीचं पाणी तपकिरी झालं.
पुलाचं पांढरंच राहिलं, तीनदा केलं तरी पांढरं.
आणि पारडीचं
सकाळी सहाला पांढरं, दुपारी दोनला तपकिरी.
एकच जागा, एकच बादली.

रोशन बारापात्रे आला कपाटामागे.
"काका, किती यायला पाहिजे?"
माझा हात आपोआप आतल्या खिशात गेला.
तिथे कंगवा होता, आणि बीपीच्या गोळ्या.
"मले नाही माहीत, बाबू."
या लॅबमध्ये हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.
त्याला पटलं नाही. त्याला वाटलं, भाव वाढला.

मग तो मॅडमकडे गेला. त्या म्हणाल्या,
"मलाही नाही माहीत. पुन्हा घे.
अन् आधीचा आकडा खोडू नको."
पोरगा बराच वेळ उभा राहिला,
जिन्यात पायरी मोजताना चुकल्यासारखा.
हळूहळू ते भांडायला लागले: शेवाळ असेल,
ऊन असेल, बाटलीत बुडबुडा शिरला असेल,
तुझा हात थरथरला असेल.
अठ्ठावीस वर्षांत या टेबलांवर
कोणी कशावरून भांडलेलं मी पाहिलं नव्हतं.

विभागप्रमुखांनी विचारलं,
"बरोबर उत्तर काय धरायचं? मार्क कसे द्यायचे?"
त्यावर अजून मीटिंगा चालू आहेत.

माझं घर पारडीलाच. नदी मागच्या भिंतीपासून पन्नास पावलं,
तीस वर्षं रुमाल नाकाशी धरूनच ओलांडली.
परवा रविवारी, डब्याच्या पिशवीत
बाटली आणि दोन ड्रॉपर टाकून उतरलो.
बाटली पाण्याखाली तिरपी धरायची, हळू भरू द्यायची,
बुडबुडा आत राहता कामा नये:
शेकडो पोरांना सांगितलं,
स्वतः कधी वाकलो नव्हतो.
पलीकडून कोणीतरी ओरडलं, "काय पडलं, काका?"

बूच लावून बाटली उलटसुलट केली.
साका खाली उतरत गेला,
पाणी जास्त झालेल्या चहाच्या रंगाचा.
म्हणजे रोशनचा हात थरथरला नव्हता.
पण मग सकाळी काऊन नाही?

लेबलावर लिहिलं: पारडी, दुपारी दोन वाजून दहा.
नमुना घेणारा, इथे पेन जरा अडलं,
मग पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.
शेऱ्याची जागा तशीच ठेवली.