पाणी कुठं मुरतंय

मुकुच प्लंबर 'उद्या येतो' म्हणाला,
त्याला आज नववा दिवस.
ग्युम्रीत 'उद्या' बर्फासारखा असतो:
एकदा पडला की हलत नाही.

खालच्या मजल्यावरून वाह्राम स्वतः जिना चढून आला.
बारा वर्षं आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतोय,
त्यामुळे उंबऱ्याबाहेरूनच बोलला,
"शोगेर, तुझा नळ माझ्या छतातून गळतोय."
डाग म्हणे लवाशच्या रोटीएवढा झालाय,
कडेनं करपलेला.

बरं, म्हटलं. मीच बघते.

आधी मुख्य वॉल्व. तळघरात.
त्यावर रंगाचे इतके थर
की प्रत्येक सरकारानं एकेक दिला असावा.
तो बंद केला की सगळा जिनाच कोरडा,
म्हणून दारं ठोठावत गेले:
अर्धा तास, फक्त अर्धा तास, बादल्या भरून घ्या.
दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेचं नाव आर्पेनिक,
हे मला तेव्हा कळलं.
लग्नाला दोन वर्षं झालीत.

मग नळाची मूठ, मग नट, मग आतला दांडा.
दांड्याच्या टोकाला वॉशर,
चघळून थुंकलेल्या चिंगमसारखा.
रविवार. दुकानं बंद.
जुन्या बुटाची टाच उचकटली,
वर नाणं ठेवून पेनानं गोल आखला.
पहिला लहान झाला.
दुसऱ्याचं भोक तिरकं गेलं.
तिसरा बसला.
आट्यांवर सुतळीचे धागे, त्यावर सफेदा,
चिक्कूपणानं, बोटाच्या टोकानं.

नळ थांबला.
डाग थांबला नाही.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला:
नळ गळत होता तो बेसिनमध्ये.
बेसिनमधलं पाणी सरळ गटारात जातं,
ते वाह्रामच्या छतात कशाला शिरेल?
त्याला सुचलं नाही ते ठीक आहे,
पण मी पस्तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय.

ओट्याखाली शिरले. गुडघ्यांनी निषेध नोंदवला.
टॉर्च दातांत धरून
वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा
एकेका सांध्याला टेकवत गेले.
इथं कोरडा. इथं कोरडा.
वाकड्या पाइपाच्या खालच्या नटापाशी
मंत्र्याचा फोटो हळूहळू ओला झाला.

हं. पाणी इथं मुरतंय तर.

खाली बादली ठेवली, एवढी अक्कल होती.
नट सैल केला, वाकडा तुकडा हातात आला,
आणि काळं, थंडगार, केसाळ काहीतरी
बदकन बादलीत पडलं.
मग चाळीस वर्षांच्या सवयीनं
बादली उचलून मी बेसिनमध्ये ओतली.

हो.
खाली पाइप नसलेल्या बेसिनमध्ये.

"वारदावार जुलैत असतो, शोगेर!"
खालून वाह्राम ओरडला.
त्या सणाला कुणीही कुणावरही पाणी ओतावं
आणि कुणी रागवू नये, असा नियम आहे.
मी ओल्या मोज्यांत फरशीवर बसले
आणि हसायला लागले.
भिंतीतल्या उघड्या पाइपातून
त्याचंही हसू वर येत होतं,
जरा गटाराचा वास असलेलं.

फरशी पुसताना फडक्यात सापडलं:
दोन आकडे, जर्दाळूची कोय,
आणि एक फासा.
हाच तो. मी लपवला म्हणून
वाह्राम नार्दीचा पट उधळून निघून गेला होता,
आणि मीही, खरं सांगायचं तर,
त्याच्याच खिशावर संशय घेतला होता.

पाइपाला नवी रबरी चकती त्याच बुटाची.
नट आधी हातानं, मग पान्यानं पाव फेरा.
जास्त नाही. जास्त आवळलं की तडकतं.
कागद लावून पाहिला. कोरडा.

फासा सोड्यानं घासून खिडकीत ठेवलाय.
सहाच्या बाजूचा एक ठिपका
बारा वर्षांच्या खरकट्या पाण्यानं खाल्लाय.
आता या फाशाला दोन पाच आहेत,
सहा एकही नाही.

वाह्रामला सांगायचंय.
सांगेन.
उद्या.