अंगावर

लुबोर भट्टीवरचा माणूस.
व्हितकोवित्सेच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं काढली,
दीड हजार अंशांशी रोजची उठबस.
आणि घरी आला की बूट न काढता
काचेपाशी वाकायचा:
एकोणतीस आहे की साडेअठ्ठावीस?
त्या अर्ध्या अंशापायी माझं सूप निवून जायचं.

चारशे लिटर पाणी, सहाव्या मजल्यावर.
खालच्या हर्दलिच्कोवा बाईंना स्वप्नं पडायची
की छत फोडून आम्ही माशांसकट त्यांच्या पलंगावर उतरलो.
सात डिस्कस.
बशा कुणी उभ्या धरून पाण्यात सोडल्यासारखे,
लाल डोळ्यांचे, मानी,
जरा काही बिनसलं की रंग टाकून कोपरा धरणारे.
मी म्हणायचे, ही तुझ्या बहिणीची जात.
तो हसायचा नाही. वहीत लिहायचा.

छातीतलं दुखणं त्यानं अंगावर काढलं,
ऑक्टोबरभर.
वहीत त्याची नोंद नाही.
तिथं फक्त पाणी: किती काढलं, किती घातलं,
आणि शेवटच्या पानावर,
मोठीनं आज खाल्लं नाही.

मग हे सगळं माझ्या अंगावर पडलं.
मुलगी ब्रनोहून फोनवर म्हणाली, विकून टाक, आई.
ओपावाहून एक माणूस आला, थर्माकोलच्या पेट्या घेऊन,
भावही बरा देत होता.
मी त्याला कॉफी पाजली आणि म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू.
का म्हटलं, ते अजून कळलेलं नाही.
घर अंगावर यायचं तेव्हा,
आणि त्या खोलीत निदान पंप तरी बोलत होता.

मंगळवारी खाटकाकडे जाते.
तो काही विचारत नाही,
बैलाचं हृदय कागदात गुंडाळून ठेवलेलं असतं.
शिरा काढायच्या, चरबी काढायची,
पांढरं काहीही राहता कामा नये,
लुबोरच्या अक्षरात तसं लिहिलंय, खाली दोन रेघा.
पहिल्यांदा ते हातात घेऊन नळाखाली उभी राहिले,
किती वेळ, सांगता येत नाही.
केवढं जड असतं.
मग किसलं, पालक घातला,
पातळ थापून फ्रीझरमध्ये टाकलं.

पहिला महिना ते मला बघून काळे पडायचे.
मी काळ्या कपड्यांत, तेही काळे:
सुतक दोन्हीकडे.
मग त्याचा निळा स्वेटर घातला, कोपराला विरलेला,
बाही दंडापर्यंत सारून हात पाण्यात सोडला,
तर मोठी पुढे आली,
बोटं निरखली,
आणि फसली नाही. परत गेली.
तरी स्वेटर घालत राहिले.
पाणी बदलायला तो सोयीचा आहे.

फेब्रुवारीत मोठीनं मातीच्या शंकूवर अंडी घातली.
एकदा पांढरी पडली.
एकदा दोघांनी मिळून खाल्ली.
तिसऱ्या खेपेला सकाळी दिवा लावला
तर शंकूवर धूळ वळवळत होती.
चार दिवसांनी ती धूळ आईच्या कुशीला चिकटली
आणि तिच्या कातडीवरचा चीक खाऊ लागली.
मासे, आणि अंगावर पिणारे!
लुबोरनं हे मला कितीदा सांगितलं असेल,
मी सूप ढवळत असेन.

थोड्या वेळानं मोठी थकली.
एकदाच अंग झटकलं, सटकन बाजूला झाली,
अख्खा पोरवडा क्षणभर अधांतरी,
मग बापाच्या अंगाला जाऊन लागला.
बाप तयार उभा होता, किंचित तिरका,
पाळी बदलायचा भोंगा झाल्यासारखा.

अस्सं.
असं अंग झटकायचं असतं होय, लुबोर?
आधी दुसऱ्याला जवळ येऊन थांबू द्यायचं.
हे तरी वहीत लिहायचंस.

पेन सापडलं नाही, पेन्सिलीनं लिहिलं:
एकोणतीस पूर्णांक दोन.
पिल्लं शंभराच्या आतबाहेर, हलतात, मोजता येत नाहीत.
सूप निवलं.